सावडीचा डाव आणि गोगलगायीचा पत्ता

मी एक जुना पत्ता आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर फार थकलो आहे. कॅटमधला राजा किंवा गुलाम मी नव्हे. पाकिटातून निघणारा, जनावराचं चित्र असलेला, मुलं जमवतात आणि अदलाबदल करतात तसला पत्ता. माझ्यावर गोगलगाय छापली आहे आणि कोपऱ्यात तिची ताकद: चार. वाघाची पंचाण्णव, गरुडाची अठ्ठ्याऐंशी, गाढवाचीसुद्धा बत्तीस. ज्या माणसाने हे आकडे ठरवले त्याने गोगलगायीला ओझं घेऊन भिंत चढताना कधी पाहिलं नसावं. पण आता तक्रार करण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

माझा जन्म एका मोठ्या छापखान्यात झाला. एका पुठ्ठ्यावर आम्ही ऐंशी भावंडं होतो आणि त्यात गोगलगायीच दहा. वाघ एकच, त्याला सोनेरी चौकट. अशा सोनेरी पत्त्यांना मुलं ‘चमकी’ म्हणायची. आमची चौकट काळी. मग सुरी फिरली, भावंडांची ताटातूट झाली आणि पाच-पाच जणांना पाकिटात कोंबण्यात आलं. ट्रकमध्ये हिंदकळत मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावला पोचलो आणि एका जनरल स्टोअर्सच्या दारात माळेसारखा लोंबत राहिलो.

ती वर्षं वाईट होती. कापूस पिकायचा, पण त्याला भाव नसायचा. विकायला नेला तर सरकारी खरेदी केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या, आणि पुष्कळ लोक तो घरातच साठवून ठेवायचे. माणसं कापसाच्या ढिगाशेजारी जेवायची आणि कापसातल्या किड्यांनी अंग खाजवत झोपायची. राळेगावपासून दोन कोसांवर बंजाऱ्यांचा एक तांडा होता. तिथला लालसिंग असाच तीन दिवस रांगेत उभा राहून परत निघाला होता. त्याची मुलगी उज्ज्वला तेव्हा सातवीत होती. तिच्यासाठी त्याने दारातल्या माळेतलं एक पाकीट तोडून घेतलं. त्या पाकिटात मी होतो.

उज्ज्वलाने पाकीट फोडलं. उंदीर, खेकडा, बेडूक, चिमणी आणि मी. चमकी एकही नाही. तरी तिने आम्हाला वहीत जपून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत नेलं.

शाळेत तेव्हा एकच खेळ चालायचा. दोघांनी एकेक पत्ता टाकायचा, ज्याची ताकद जास्त तो दोन्ही उचलणार आणि ते पत्ते कायमचे त्याचे. आता सांगा, गोगलगायीने कोणाला हरवायचं? ज्याच्याकडे चमकी जास्त तो जिंकायचा, आणि जिंकला की त्याच्याकडे आणखी जमायच्या. हा जिंकणारा होता शादाब. स्टोअर त्याच्याच वडिलांचं होतं. मुलगा मनाने वाईट नव्हता, पण पाकिटांच्या राशीवर बसलेल्याला पाकिटाची किंमत कशी कळणार? मधल्या सुट्टीच्या पहिल्या पाच मिनिटांत त्याने उज्ज्वलाचे पाचही पत्ते जिंकले. चिमणी दुसऱ्याला देऊन टाकली, बाकीचे चुरगाळले आणि मला सायकलच्या चाकात खोचलं.

मित्रांनो, चाकात पत्ता लावला की आऱ्यांवर आपटून टकटक आवाज येतो, तो तुम्ही ऐकला असेल. ऐकायला गंमत वाटते. आपटणाऱ्याला काय वाटतं ते मला विचारा. आठवडाभरात माझ्या कडा कापसासारख्या पिंजल्या.

एक दिवस शादाबची सायकल पंक्चर झाली. बसस्टँडजवळ रहमतचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने चाक काढताना मला उपटलं आणि बाजूला फेकलं. त्याची मुलगी नुजहत तिथेच पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहत बसली होती. तिने मला उचलून फ्रॉकला पुसलं. ती उज्ज्वलाच्याच वर्गात होती आणि तो पाच मिनिटांचा डाव तिने पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर उज्ज्वला बसची वाट पाहत दुकानाच्या ओट्यावर बसली. नुजहतने मला पुढे केलं.

“हा तुया पत्ता हाय ना?”

“होता. शादाबनं जिंकला.”

“त्यानं चाकात लावला, अब्बानं फेकला अन् मी उचलला. आता कोनाचा म्हनाचा?”

“कोनाचाबी म्हन,” उज्ज्वला म्हणाली. “ताकद चार. का करतं त्याचं?”

मला वाईट वाटलं. पण ती मला हातातून खाली ठेवत नव्हती हेही मी पाहत होतो. बराच वेळ उलटसुलट करून झाल्यावर ती म्हणाली, “आमचा एक बैल मेला मागच्या साली. आता एकच हाय. लखीरामकाकापाशीबी एकच. एका बैलानं वखर चालते का? मंग ते सावड करतेत. एक दिवस दोनी बैलं आमच्या वावरात, एक दिवस त्याईच्या. दिवस मावळला का आपापला बैल आपापल्या गोठ्यात.”

नुजहतने हात फडक्याला पुसले. “मंग पत्त्याईची सावड काहून नाई?”

इतकंच. एखाद्या मोठ्या गोष्टीचा जन्म होताना मी हजर होतो, असं म्हणण्याची संधी मला तेवढी एकदाच मिळाली.

शादाबने आणि इतर मुलांनी फेकलेले साधे पत्ते वेचून नवा खेळ त्या दोघींनी आठ दिवसांत बसवला. चमकी पत्ता आणायचा नाही, आणला तर खिशात ठेवायचा. दोन लहान पत्ते जुवाला जुंपल्यासारखे शेजारी टाकता येतात आणि मग दोघांची ताकद मिळून मोजायची. जोडीतला एक पत्ता आपला असेल, तर दुसरा शेजाऱ्याकडून मागता येतो. मागितला तर त्याने नाही म्हणायचं नाही, मात्र पुढच्या वेळी त्याने मागितला की आपणही द्यायचा. फाटका पत्ता चालतो, भिजलेला चालतो, पुठ्ठ्याचा चिकटवलेलाही चालतो. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की डाव संपला की ज्याचा पत्ता त्याच्याकडे परत. जिंकणाऱ्याला काय मिळतं? पुढचा डाव सुरू करायचा मान. मुलांना तो पुरला.

पत्ते एकमेकांत मिसळायचे आणि परत करताना भांडणं व्हायची. त्यावर उज्ज्वलानेच तोड काढली. बैलाला डागतात तसं प्रत्येकाने आपल्या पत्त्याच्या पाठीवर खूण करायची. रहमतकडच्या हिरव्या रंगाच्या डब्यात काडी बुडवून नुजहतने आपल्या पत्त्यांवर चाक काढलं. उज्ज्वलाने चौकोन काढला, आईच्या ओढणीवरच्या आरशासारखा. माझी वेळ आली तेव्हा दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. शेवटी एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला चौकोन, अशा दोन खुणा माझ्या पाठीवर झाल्या. दोन धन्यांचा पत्ता साऱ्या राळेगावात मी एकटाच.

त्यानंतरचे काही महिने माझ्या आयुष्यातले चांगले होते. दुकानाच्या ओट्यावर रोज डाव पडायचा. गोगलगायीला गाढवासोबत जुंपलं की छत्तीस होतात आणि पस्तिसाचा लांडगा हरतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नुजहत मला नेमकी अशाच वेळी काढायची. मुलं म्हणायची, “गोगलगाय अन् पोटात पाय!” ते कौतुकच होतं. एक दिवस शादाबही आला. त्याने चमक्या खिशात ठेवल्या आणि मग त्याच्या हातात एकही पत्ता उरला नाही, कारण साधे पत्ते त्याने कधी ठेवलेच नव्हते. उज्ज्वलाने त्याला आपले चार दिले. डाव संपल्यावर त्याने ते मोजून परत केले आणि कान लाल होईपर्यंत खाली पाहत राहिला.

एकदा पाकिटांच्या कंपनीचा माणूस मोटारसायकलचं पंक्चर काढायला तिथे थांबला. त्याने उकिडवं बसून डाव पाहिला, नियम विचारले, एक डाव खेळून हरलासुद्धा. मग खिशातून डायरी काढून त्याने काहीतरी लिहून घेतलं. चहा पिऊन गेला.

पुढच्या पावसाळ्यात तांड्याच्या वाटेवरच्या नाल्याचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, वाहून गेला आणि बस बंद पडली. उज्ज्वला आता आठवीत होती. ती पायी यायला लागली. दोन कोस येणं, दोन कोस जाणं. पहिला तास रोज बुडायचा आणि घरी पोचेपर्यंत पाय भरून यायचे. घरातली एकुलती सायकल घेऊन लालसिंग दूरच्या जिनिंगवर कामाला जात होता. एका रविवारी तो रहमतच्या दुकानात चेन बसवायला आला, तेव्हा मी ओट्यावरच होतो.

“पोरगी हुशार हाय, रहमतभाई,” तो म्हणाला. “पन अर्धा दिस रस्त्यातच चालला. दिवाळीपर्यंत पाहतो. नाई जमलं तं बसन घरी. वेचनीले तरी येईन मायसोबत.”

तो रागावून बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो थकून बोलत होता. रहमतने चेनला तेल घातलं. नुजहतने ऐकलं होतं.

आणि त्याच महिन्यात शादाबच्या वडिलांच्या स्टोअरवर एक रंगीत कागद चिकटला. यवतमाळला पत्त्यांची मोठी स्पर्धा. त्यात एक नवा गट: ‘साधा डाव’. चमकी पत्ता चालणार नाही, दोन पत्ते जोडता येतील, जोडीदारासोबत खेळता येईल. पहिलं बक्षीस सायकल.

“अब्बा, हे तं आपलं हाय,” नुजहत म्हणाली.

“तुमचंच हाय,” रहमत म्हणाला. “पन त्याईनं छापलं, तुमी नाई छापलं. जाऊ दे. सायकल जितून आना.”

मित्रांनो, त्यानंतर दोघींनी जी मेहनत घेतली ती पाहून माझ्यासारख्याचाही जीव दडपला. नुजहत सुट्टीच्या दिवशी तांड्यावर जायची. उज्ज्वलाच्या घरात बसायला जागा फक्त कापसाच्या ढिगाजवळ होती. त्या ढिगावर पाटी ठेवून त्या डाव मांडायच्या. उज्ज्वलाची आई नंदाबाई भाकरी थापता थापता विचारायची, “कोन जितलं वं?” आणि कोणीही जिंकलं तरी दोघींना सारखाच गूळ द्यायची. जगातला सगळा साधा डाव त्यांच्या डोक्यात होता. त्यांना हरवणारी जोडी मला तरी दिसत नव्हती.

दिवाळी झाली. पुढच्या रविवारी रहमत दोघींना घेऊन बसने यवतमाळला गेला. शादाबही बरोबर होता. मोठा हॉल, पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, चपला बाहेर काढलेली शेकडो मुलं. दाराशी एक बाई प्रत्येकाचे पत्ते तपासत होत्या. त्यांनी आमची गड्डी हातात घेतली, उलटी केली आणि थांबल्या.

“ह्या खुणा कसल्या?”

“आमच्या हायेत,” उज्ज्वला म्हणाली. “हे तिचं चाक, हा माया चौकोन.”

“अशा पत्त्यांनी खेळता येत नाही, बाळा. पाठीवर खूण असली की कोणता पत्ता ते ओळखू येतं.” त्यांनी नेमका मलाच वर धरला. “ह्याच्यावर तर दोन-दोन आहेत.”

“पन मॅडम,” नुजहत म्हणाली, “खुना नसल्या तं डाव झाल्यावर परत कसे देतीन?”

“परत कशाला द्यायचे?” बाईंनी विचारलं.

त्या वाईट नव्हत्या. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. कंपनीच्या माणसाने डायरीत सगळं उतरवून घेतलं होतं, फक्त परत करण्याचा नियम त्याने लिहिला नव्हता, कारण त्याला तो खेळाचा भाग वाटलाच नसावा. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणजे वावर, वखर, मेलेला बैल आणि लखीरामकाका, सगळं सांगावं लागलं असतं, आणि मागे रांग लांब होती. हिरवा रंग पुसायला रहमतने रुमाल ओला केला, पण सायकलचा रंग तो, पाण्याने कुठे निघतो? शादाबने खिसे उलटे केले. त्यात चमक्याच होत्या.

दोघींनी शोधलेल्या खेळात दोघींनाच बसता आलं नाही. सायकल दुसऱ्या कोणाला मिळाली. परतीच्या बसमध्ये रहमतने शेंगदाण्यांच्या पुड्या घेतल्या, त्या तशाच राहिल्या. उज्ज्वला रडली नाही. खिडकीतून बाहेर वेचणी चालू होती, ती तिकडेच पाहत होती. मी नुजहतच्या मुठीत होतो आणि ती मूठ राळेगावपर्यंत उघडली नाही.

सकाळी नुजहतने आपली सायकल पुसली. रहमतने तिच्यासाठी सुट्या भागांमधून जोडलेली सायकल होती ती. सीट एका रंगाचं, मडगार्ड दुसऱ्या. तिची आई जैनबबी शिवणकाम करायची आणि शिवलेले ब्लाउज घरोघर पोचवायला नुजहतला ती सायकल लागायची.

“अब्बा, ही उज्ज्वलाले देतो,” ती म्हणाली.

“अन् माये ब्लाउज कोन पोचवन?” आतून जैनबबीने विचारलं.

“देऊन नाई टाकत, अम्मी. सावड करतो. तिच्या वाटेवरचे ब्लाउज ती नेईन, तांड्यावरचंबी शिवनकाम तुले आनून देईन. गावातले मी पायी देतो. शाळा सुरू असली का सायकल तिची, सुट्टीत माही.”

जैनबबीने मशीन थांबवलं. थोड्या वेळाने पुन्हा चालू केलं. त्या घरात हो म्हणण्याची ती रीत होती.

पण नंदाबाई घाबरली. ती स्वतः राळेगावला आली आणि ओट्यावर बसली. “रपट्याच्या पुढं रस्त्यावर कोनी नसते. पोरगी येऊन राह्यली का नाई, मले कसं समजन?”

“घंटी हाय ना, काकू,” नुजहत म्हणाली.

“घंटी वाजवली तं वाजते. पडली-झडली तं कोन वाजवन?”

रहमतने डोकं खाजवलं. मग त्याने कपडे वाळवायचा एक चिमटा घेतला आणि म्हणाला, “चाकात पत्ता लावू. चाक फिरते तोवर आवाज येते. आवाज चालू तं पोरगी चालू.”

गड्डीतले चांगले, कडक पत्ते समोर होते. उज्ज्वलाने मला उचललं. “हाच लावा. याले सवय हाय.”

रहमतने मला चिकटपट्टी गुंडाळली आणि मी पुन्हा चाकात गेलो. पहिल्या वेळी मला कोणी विचारलं नव्हतं. या वेळीही विचारलं नाही, पण मी नाही म्हटलं नसतं.

रोज संध्याकाळी तुटक्या रपट्यापाशी सायकल हातात धरून नाला ओलांडला की उज्ज्वला मला चिमट्यात अडकवायची. टकटक, टकटक. तांड्यावर नंदाबाईला ते ऐकू आलं की ती चहाचं पाणी ठेवायची. आठवी गेली, नववी गेली, कापसाचे ढीग येत-जात राहिले. कोणी मला शाबासकी दिली नाही. चहाचं पाणी मात्र एकही दिवस चुकलं नाही.

दहावीच्या हिवाळ्यात एके दिवशी आरा लागून मी मधोमध फाटलो. आवाज थांबला. नंदाबाई पिठाच्या हातांनी रस्त्यावर धावत आली. पाहते तो उज्ज्वला धडधाकट, सायकल आडवी टाकून गवतात काहीतरी शोधत होती.

“याडी, पत्ता तुटला,” ती आईला रडत म्हणाली. “नुजहतची खून गेली.”

यवतमाळला न रडलेली मुलगी तिथे रडली. धाप ओसरल्यावर नंदाबाईही गुडघे टेकून शोधायला लागली. चाक काढलेला माझा तुकडा सापडला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी अर्धाच वाजायला लागलो, आणि नंदाबाईने तोही आवाज ओळखायला शिकून घेतलं.

दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी उज्ज्वला सायकल घेऊन दुकानात आली. सायकल धुतलेली होती. मला तिने नुजहतच्या हातावर ठेवलं.

“बैल परत आनला,” ती म्हणाली. “एक शिंग मोडलं.”

“कामाचा बैल होता,” नुजहत म्हणाली. “मोडनारच.”

दोघी हसल्या आणि मग एकमेकींकडे न पाहता हसणं थांबवलं. उज्ज्वला पुढे शिकायला बाहेरगावी गेली. नुजहत आईच्या मशीनवर बसली. ओट्यावरचा डाव कधी बंद पडला ते मला नीट आठवत नाही. पाकिटंही यायची थांबली. रहमतच्या दुकानात छऱ्यांचा एक डबा आहे, त्यात नुजहतने मला ठेवलं. उज्ज्वला आली की देते, असं ती म्हणाली होती. मग कामं वाढली.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूने शेवटी सांगायचं असतं की आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. शादाबच्या चमक्या अजून प्लास्टिकमध्ये आहेत, कोऱ्या करकरीत. त्या माझ्याइतक्या थकलेल्या नाहीत, आणि त्यांना सांगायला काही नाही. तुम्ही दुसऱ्याची वस्तू मागा, आपली द्या, ती झिजेपर्यंत वापरा. फक्त पाठीवरची खूण पाहा आणि दिवस मावळला की ती ज्याची त्याला परत करा.

आणि एक मागणं आहे. माझ्या पाठीवर आता एकच खूण उरली आहे, उज्ज्वलाचा चौकोन. नियमाने माझी जागा या डब्यात नाही, तांड्यावर आहे. माझ्याकडून चालणं होणार नाही, गोगलगाय आहे मी, त्यातही अर्धी. तुमच्यापैकी कोणी रपट्याच्या पलीकडे जाणार असेल, तर मला खिशात टाका आणि नंदाबाईच्या हातात द्या. ती ओळखेल. दिवस केव्हाचा मावळला आहे.